आबांचा जुना ट्रॅक्टर

राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवरची ही गोष्ट आहे. गोष्ट साधी आहे. पण तिच्यातून डिझेल इंजिनाची पुष्कळ माहिती मिळते. म्हणून आधी गोष्ट वाचू.

वस्तीवर आबा राहतात. गोठ्यामागे लिंबाचे मोठे झाड आहे. झाडाखाली आबांचा जुना ट्रॅक्टर उभा होता. मुलाने नवा ट्रॅक्टर घेतला, त्या दिवसापासून जुना तिथेच होता. दहा-बारा पावसाळे त्याच्या अंगावरून गेले. टायर बसले. रंग उडाला. सीटखाली कोंबडी अंडी घालू लागली.

एके दिवशी भंगारवाला आला. तो म्हणाला, "आबा, उगाच जागा अडवून ठेवलीय. वजनावर घेतो. रोख पैसे देतो."

मुलगा म्हणाला, "देऊन टाका, आबा. कशाला ठेवायचं ते लोखंड?"

आबा लगेच बोलेनात. याच ट्रॅक्टरने त्यांनी पडीक माळ फोडला होता. याच ट्रॅक्टरने वर्षानुवर्षे कारखान्याला ऊस घातला होता. घर बांधायची वाळू, विटा, सगळे यानेच आणले होते.

शेवटी आबा म्हणाले, "विकायचा न्हाई. चालू करायचा. पोळ्याला वेशीपर्यंत न्यायचा."

"नवा असताना जुन्याचं काय काम, आबा?"

"काम काही न्हाई. हौस हाय माझी."

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. आबांच्या हौसेपुढे मुलाचे काही चालले नाही. भंगारवाला रिकामा परत गेला.

मुलगा म्हणाला, "बरं, मग वेळ कशाला? नव्या ट्रॅक्टरला साखळी बांधतो. शंभर पावलं ओढला की धडधड सुरू होईल."

त्याने साखळी आणलीसुद्धा. एवढ्यात घरातून आई आली. आई मागल्या वर्षापासून रात्रीच्या वर्गाला जाते. तिच्या हातात वही होती. ती म्हणाली, "थांब बाळा. त्या उभ्या सायलेन्सरवर कधी झाकण घातलं होतं का? एवढे पावसाळे झाले. त्यात पडलेलं पाणी गेलं कुठं?"

आबा आणि मुलगा एकमेकांकडे पाहू लागले. हा प्रश्न दोघांनाही सुचला नव्हता.

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी इंजिनाच्या खाली घमेले ठेवले. तेलाच्या चेंबरचा नट हळूहळू ढिला केला. सगळ्यांना वाटले, काळे तेल येईल. पण आधी आली पाण्याची धार. चांगले तांब्याभर पाणी आले. त्यामागून तेल आले.

मिस्त्री म्हणाले, "आईंनी इंजिन वाचवलं. हा ओढून चालू केला असता, तर तेलाच्या जागी पाणी फिरलं असतं. बेरिंगं गेली असती. पिस्टनवर पाणी साठलं असतं, तर दांडाच वाकला असता. मग मात्र हा भंगारातच गेला असता."

मुलाने साखळी गुंडाळून ठेवली.

पाणी आधी का आले?

तेल पाण्यापेक्षा हलके असते. दोन्ही एका भांड्यात घातली, की पाणी तळाला बसते. तेल वर तरंगते. इंजिनाच्या चेंबरमध्येही तसेच होते. म्हणून तळाचा नट काढला, की पाणी आधी बाहेर पडते.

जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आकाशाकडे तोंड करून उभा असतो. पाऊस थेट आत पडतो. पाणी सायलेन्सरमधून सिलिंडरमध्ये जाते. तिथे लोखंडाला गंज चढतो. मग पाणी पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते.

सायलेन्सरवर एक रिकामा डबा पालथा घातला असता, तर हे टळले असते. डब्याला पैसे पडत नाहीत.

डिझेल इंजिन कसे चालते?

सायकलला हवा भरताना पंपाला हात लावून पाहा. पंप खालून गरम लागतो. हवा दाबली, की ती तापते. हाच नियम धरून जर्मनीत रुडॉल्फ डिझेल नावाच्या इंजिनिअरने इंजिन बनवले. त्याचे इंजिन 1897 साली नीट चालून दाखवले गेले. त्याचेच नाव पुढे तेलालाही मिळाले.

डिझेल इंजिनाच्या आत ठिणगी पाडावी लागत नाही. तिथे पिस्टन वर-खाली होतो. त्याच्या चार खेपा असतात.

पहिल्या खेपेला पिस्टन खाली येतो आणि हवा आत ओढतो.

दुसऱ्या खेपेला पिस्टन वर जातो आणि हवा दाबतो. 16 ते 20 भांडी हवा एका भांड्यात कोंबावी, इतका तो दाब असतो. त्या दाबाने हवा 500 अंशांच्याही वर तापते.

मग नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो. तापलेल्या हवेत तो आपोआप पेटतो. त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. ही तिसरी खेप. कामाची खेप हीच.

चौथ्या खेपेला पिस्टन वर येतो आणि धूर बाहेर टाकतो.

म्हणजे इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. हवा, डिझेल आणि दाब. आणि इंजिन टिकायला दोन गोष्टी लागतात. तेल आणि पाणी. तेल झीज थांबवते. पाणी उष्णता वाहून नेते. जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणे म्हणजे या पाच गोष्टी एकेक करून तपासणे.

आधी वाचा, मग पाना उचला

मिस्त्री म्हणाले, "याचा नंबर काय? त्यावाचून सुटा भाग मिळायचा नाही."

आबांचा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, ते इथे सांगत नाही. कारण हा धडा सगळ्याच जुन्या ट्रॅक्टरांचा आहे. पण नंबर मात्र ज्याचा त्यालाच पाहावा लागतो.

प्रत्येक ट्रॅक्टरवर एक पत्र्याची पाटी असते. इंजिनावरही नंबर ठोकलेला असतो. आईने ओल्या चिंधीने पाटी पुसली. त्यावरचे अक्षर न् अक्षर वहीत उतरवले. एक आकडा 3 आहे की 8, ते कळेना. तिने बोटाने चाचपून पाहिले आणि मगच लिहिला.

हे का महत्त्वाचे, ते समजून घ्या. आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले, ते 1959 साली. त्या वर्षी फरीदाबादला आयशर कंपनीचा ट्रॅक्टर तयार झाला. त्याआधीचे ट्रॅक्टर परदेशातून यायचे. पुढे 1960 नंतर मुंबईला महिंद्राचे ट्रॅक्टर बनू लागले. 1971 मध्ये पिंजोरला एचएमटीचे, तर 1974 मध्ये मोहालीला स्वराजचे ट्रॅक्टर निघू लागले. यांतली एचएमटीची ट्रॅक्टर बांधणी 2016 मध्ये बंद झाली. कारखाना बंद झाला, तरी ट्रॅक्टर शेतात राहतो. त्याचे भाग शोधायचे, तर नंबर लागतो. दुकानात जाताना जुना भागही पिशवीत घालून न्यावा. नंबर आणि नमुना, दोन्ही जुळले तरच पैसे द्यावेत.

अडकलेले इंजिन

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गिअर मोकळा केला. बॅटरीच्या तारा आधीच काढल्या होत्या. इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला मोठा पाना लावला. इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते जागचे हलेना. आत गंज धरला होता.

मुलगा म्हणाला, "मोठा पाइप लावून जोर करू."

मिस्त्री म्हणाले, "जोर केला तर रिंगा तुटतील. गंजाला जोर चालत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो."

त्यांनी नोझल काढल्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि थोडे पातळ इंजिन तेल मिसळून ओतले. भोकांवर स्वच्छ चिंध्या कोंबल्या. घाण आत पडू नये म्हणून. मग सगळे तसेच ठेवले.

एक दिवस गेला. दोन गेले. रोज संध्याकाळी आबा पाना लावून अलगद दाब देत. आई वहीत लिही. "सोमवार. हलले नाही." "मंगळवार. हलले नाही."

आठव्या दिवशी पाना बोटभर सरकला. आबा ओरडले, "हललं गं!" आई पोळ्या टाकून बाहेर आली. आबांनी पुन्हा थोडे मागे घेतले, थोडे पुढे नेले. असे करत करत इंजिन पूर्ण फिरले.

इंजिन सुटले, तरी लगेच नोझल बसवू नयेत. आत ओतलेले तेल अजून पिस्टनच्या डोक्यावर असते. हवा दाबली जाते, पण तेल दाबले जात नाही. ते आत कोंडले, तर दांडा वाकतो. म्हणून नोझल बाहेर असतानाच इंजिन पुष्कळ वेळा फिरवावे. तेल भोकांतून उडून जाते. त्या वेळी भोकांसमोर तोंड धरू नये.

पाच गोष्टींची सफाई

तेल. जुने तेल पूर्ण काढावे. फिल्टर बदलावा. नवे तेल पुस्तकात सांगितले असेल तेच घालावे. काठीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी नको आणि जास्तही नको. काढलेले तेल जमिनीवर, पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते पाणी नासवते. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे.

पाणी. रेडिएटर धुवावा. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. कडक झाल्या असतील, चिरल्या असतील, तर बदलाव्यात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी आणि वाफ तोंडावर येते.

हवा. आपल्या नगर जिल्ह्याच्या काळ्या मातीची धूळ फार बारीक. ती इंजिनात गेली, की सिलिंडर घासून काढते. जुन्या ट्रॅक्टरच्या हवेच्या फिल्टरखाली तेलाची वाटी असते. हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात चिकटते. आबांच्या वाटीत तळाला चिखल होता. ती डिझेलने धुतली, पुसली आणि खुणेपर्यंत नवे तेल घातले.

डिझेल. टाकीतले जुने डिझेल काढून टाकावे. त्यात पाणी आणि गाळ असतो. टाकी धुवावी. डिझेलचे फिल्टर नवे घालावेत. डिझेलजवळ विडी-काडी नको.

दाब. नोझल दुकानात तपासून घ्याव्यात. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. थेंब गळता नको. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत.

डिझेलच्या वाटेतली हवा

टाकी रिकामी केली, की नळ्यांत हवा शिरते. मग कितीही सेल्फ मारला, तरी इंजिन चालू होत नाही. ही हवा काढावी लागते.

आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करावा. हातपंप दाबत राहावे. प्रथम फेस येतो, बुडबुडे येतात. मग सलग डिझेल येते. सलग आले, की स्क्रू घट्ट करावा. नंतर फ्युएल पंपाचा स्क्रू तसाच ढिला करून हवा काढावी. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून इंजिन फिरवावे. तिथेही डिझेल दिसले, की नट आवळावेत.

इथे एक मोठा धोका आहे. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. त्या धारेला इतका जोर असतो, की डिझेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम टिपक्याएवढी दिसते. दुखतही नाही. पण आत मांस सडते आणि हात गमवावा लागतो. असे झाले, तर हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेले, असे डॉक्टरांना सांगा.

चालू करण्याआधी बंद करायला शिका

सगळे जमले. नवी बॅटरी बसवली. आबा सीटवर चढले. मिस्त्रींनी त्यांना खाली उतरवले.

"आबा, हा बंद कसा करायचा?"

"ही दांडी वढायची."

"ओढा बरं."

आबांनी दांडी ओढली. ती हलेना. तारेला गंज चढला होता.

डिझेल इंजिन किल्ली काढून बंद होईलच, असे नाही. जुन्या ट्रॅक्टरचे डिझेल तोडावे लागते. ते तोडणारी तारच अडकली, तर धावते इंजिन थांबवायचे कसे? मिस्त्रींनी तार सोडवली. तेल दिले. दहा वेळा ओढून पाहिली. शिवाय हवेच्या तोंडाशी एक सपाट फळी ठेवली. कधी कधी जुने इंजिन स्वतःचेच तेल पिऊन बेफाम पळते. तेव्हा डिझेल तोडून भागत नाही. हवेचे तोंड फळीने झाकावे लागते. हाताने झाकू नये.

इंजिन उघड्यावर चालू करावे. बंद खोलीत धुराने माणूस गुदमरून मरतो.

आबांनी सेल्फ दिला. इंजिन खोकले. पांढरा धूर आला. पुन्हा दिला. धड, धड, धड! इंजिन चालू झाले. नातवाने टाळ्या वाजवल्या. मुलगाही हसू लागला.

पण आईची नजर तेलाच्या घड्याळावर होती. काटा जागचा उठला नव्हता. ती ओरडली, "काटा न्हाई हलला! बंद करा!"

आबांनी दांडी ओढली. इंजिन थांबले. मिस्त्रींनी तपासले. तेलाच्या पंपात तेल चढलेच नव्हते. त्यांनी पंपाची नळी सोडून तेल भरले. पुन्हा चालू केले. या वेळी थोड्याच क्षणांत काटा वर चढला.

चालू झाल्यावर तेलाचा काटा थोड्याच क्षणांत उठला पाहिजे. नाही उठला, तर आनंद बाजूला ठेवा आणि इंजिन बंद करा. तेलावाचून इंजिन फार वेळ टिकत नाही.

चालणे सोपे, थांबणे अवघड

आता मुलगा म्हणाला, "चला, शेतात चक्कर मारू."

आबा म्हणाले, "आधी ब्रेक."

आता आबाही शिकले होते.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना एकच दाबतात. पण रस्त्यावर एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर गरकन वळतो आणि उलटतो. म्हणून रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायटे कडीने जोडावेत. स्टीअरिंग ढिले नाही ना, तेही पाहावे. टायर चिरलेले असतील, तर वापरू नयेत. गंजलेल्या चाकात घरी हवा भरू नये. रिम फुटून माणसे दगावतात.

ओझे ओढताना साखळी नेहमी खालच्या हुकाला बांधावी. वरच्या बाजूला बांधली, तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे इतक्या लवकर होते, की उडी मारायला वेळ मिळत नाही. पाटाच्या भरावाच्या कडेनेही ट्रॅक्टर घालू नये.

मागचा पीटीओचा दांडा एका मिनिटात 540 फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदात 9. पदर, धोतर किंवा उपरणे त्यात सापडले, तर सोडवायला वेळ राहत नाही. दांड्यावर झाकण हवेच. तो फिरत असताना जवळ जाऊ नये.

कागदही पाहावेत. हौसेचा ट्रॅक्टर झाला, तरी रस्त्यावर कायदा तोच. चालवणाऱ्याकडे परवाना हवा. विमा हवा. नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपली, की पुन्हा करून घ्यावी लागते. आबांची नोंदणी केव्हाच संपली होती. मुलगा कागद घेऊन आरटीओ कचेरीत गेला. तीन खेपा झाल्या. पण काम झाले.

हौस कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आईच्या वहीत खर्च लिहिलेला आहे. तेल, फिल्टर, बॅटरी, नळ्या, वॉशर, टायर. टायर सर्वांत महाग. हा पैसा परत येणार नाही. मुलगा म्हणाला तेही खोटे नव्हते. घरातले बी-बियाणे, पोरांची शाळा, हे आधी. त्यातून उरले, तरच हौस. कर्ज काढून हौस करू नये. आबांनीही एकदम खर्च केला नाही. एका हंगामात इंजिन केले, दुसऱ्या हंगामात टायर घेतले.

पण जुने यंत्र जपण्यात अर्थ असतो. आपल्या नगर शहरातच रणगाड्यांचे संग्रहालय आहे. लष्कराने ते 1994 मध्ये उघडले. जुने रणगाडे तिथे राखून ठेवले आहेत. 1965 च्या लढाईत पकडलेला पॅटन रणगाडाही तिथे आहे. आणि एक गंमत पाहा. लोखंडी पट्ट्यावर चालायची युक्ती आधी शेतातल्या ट्रॅक्टरची. लढाईतला रणगाडा 1916 साली आला. तो त्यामागून. जिकडे रणगाडे जपून ठेवतात, तिकडे माळ फोडणारा ट्रॅक्टर जपला, तर काय बिघडले?

इंग्लंडमध्येही शेतकरी जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतात आणि त्यांच्या नांगरटीच्या शर्यती लावतात. आबांना हे मिस्त्रींनी सांगितले. आबा म्हणाले, "म्हणजे आपण एकलेच येडे न्हाई!"

पोळ्याचा दिवस

श्रावणातली अमावास्या आली. बैल धुतले. शिंगे रंगवली. झुली घातल्या. बैलांच्या मागे आबांचा ट्रॅक्टर निघाला. पुढे झेंडूचा हार होता. आईने हळदकुंकू वाहिले होते.

नातू धावत आला. "आबा, मला मडगार्डवर बसवा!"

आबा म्हणाले, "न्हाई रं. ट्रॅक्टरला सीट एकच असती. मडगार्डवरून घसरलं, की माणूस थेट मागच्या चाकाखाली."

नातू रडू लागला. लोक म्हणाले, "बसवा की आबा, आज सणाचा दिवस!" आबांनी ट्रॅक्टर थांबवला. पण त्याला वर घेतले नाही. मुलाने नातवाला खांद्यावर घेतले. सगळे हळूहळू वेशीपर्यंत गेले आणि हळूहळू परत आले.

लिंबाखाली आबांनी इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवले. मग बंद केले. किल्ली काढून खिशात घातली. तेव्हा कुठे नातवाला उचलून सीटवर बसवले. तो तासभर स्टीअरिंग फिरवत बसला.

आता दर पंधरवड्याला आबा ट्रॅक्टर काढतात. चांगला गरम होईपर्यंत अर्धा तास चालवतात. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केले, तर आत ओल धरते. म्हणून गरम होऊ द्यावे लागते.

त्या संध्याकाळी आईने वही उघडली आणि लिहिले, "पोळा. ट्रॅक्टर वेशीपर्यंत नेला. तेल बरोबर. पाणी बरोबर. गळती नाही."

मग तिने घरातून एक रिकामा डबा आणला. सायलेन्सर थंड झाला होता. तिने डबा त्यावर पालथा घातला. वहीत आणखी एक ओळ लिहिली. "डबा ठेवला. चालू करण्याआधी काढणे."

लक्षात ठेवा

1. उभा असलेला जुना ट्रॅक्टर कधीही ओढून चालू करू नका.
2. इंजिन आधी हाताने फिरवून पाहा.
3. चालू करण्याआधी बंद करायची दांडी तपासा.
4. तेलाचा काटा उठला नाही, तर लगेच बंद करा.
5. ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याशिवाय कोणीही बसू नये.
6. ट्रॅक्टरची वही ठेवा. तारीख, तेल आणि खर्च तीत लिहा.

नवे शब्द

चेंबर – इंजिनाखाली तेल साठण्याची जागा.
नोझल – डिझेलचा फवारा उडवणारा भाग.
सेल्फ – बॅटरीवर इंजिन फिरवणारी मोटार.
पीटीओ – ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा. त्यावर दुसरी यंत्रे चालतात.

उत्तरे लिहा

1. चेंबरमधून तेलाच्या आधी पाणी का आले?
2. सायकलचा पंप गरम का होतो? त्याचा डिझेल इंजिनाशी काय संबंध आहे?
3. आईने कोणत्या दोन वेळी इंजिन वाचवले?
4. आबांनी सणाच्या दिवशीही नातवाला मडगार्डवर का बसवले नाही?
5. तुमच्या घरी किंवा शेजारी इंजिन, पंप किंवा ट्रॅक्टर आहे का? त्याची पाटी वाचा आणि नंबर वहीत लिहा.